बंद शाळेच्या आवारात माटोळीची बाग

गोव्यात बाग करायची म्हटली की सगळ्यात आधी येतो जेसीबी. मग पेव्हर, मग लॉन, मग कारंजं (हे उद्घाटनाच्या दिवशी उडतं) आणि शेवटी नावांची पाटी. झाडं? असतात की, कुंडीत! संध्याकाळी पाय मोकळे करायला अशा बागा बऱ्या. पण गावोगावी बंद पडलेल्या सरकारी प्राथमिक शाळांची आवारं तरी त्यांच्या तावडीतून वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत मराठी शाळा पार वाड्यावाड्यांवर पोचली. पुढे पट घटला आणि आज त्यातल्या कितीतरी शाळांना कुलूप आहे. का घटला, यावर आपण माध्यमाच्या वादात पुरेसं भांडून झालो आहोत. असो. मला दिसते ती मागे राहिलेली जमीन. आमच्या वाड्यावरच्या शाळेत एक जुना आंबा आहे, एक ओवळीचं झाड, अर्धवट बुजलेली विहीर, आणि बाकी सगळी रानमोडी. येता-जाता लोक कचऱ्याच्या पिशव्या भिरकावतात.

या जागेला ओसाड म्हणणाऱ्याने पावसात तिथे जाऊन यावं. पहिल्या सरींनंतर थोड्याच दिवसांत तायकिळा वर येतो. कुणी पेरलेला नसतो. पाठोपाठ तेरं, मग वईवर फागलांचा वेल. म्हणजे बाग तिथे आहेच, आपण फक्त रानमोडी उपटायची आणि प्लास्टिक उचलायचं. जेसीबीने जमीन सपाट केली की हे सगळं बियाणं मातीखाली गाडलं जातं आणि मग आपण नर्सरीतून रोपं विकत आणतो!

तिथे काय लावायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे: माटोळी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण कांगलांचे घोस, कवंडळाची लालबुंद फळं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगणं बांधतो. म्हापसा-फोंड्याच्या बाजारात ती विकत मिळतात. रानातून आणणाऱ्यांचे चार पैसे होतात, त्याला माझी हरकत नाही. पण आपल्या मुलांना कांगल ठाऊक असतं ते बाजारातलं, भावासकट. त्याचा वेल कुठल्या झाडावर चढतो, फुलतो कधी, हे घरात सांगणार कोण? आजीला विचारलं तर ती घडाघडा सांगेल. तिला कुणी विचारत नाही, एवढंच.

गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेला वनौषधींवरचा ग्रंथ संवादरूपात आहे, दोन माणसं एकमेकांना विचारतात, सांगतात. पणजीच्या म्युनिसिपल बागेला त्यांचं नाव आहे. आपल्या आवारात आजी आणि पोरं असाच संवाद करतील. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेले आहेत. शेजारच्या चालू शाळांनी, मग त्या कुठल्याही माध्यमाच्या असोत, त्यातले दोन-तीन दिवस इथे घालवावेत. झाडाला कांगल म्हणायचं की आणखी काही, यावर मुलं भांडली तर उत्तमच.

अडचणी आहेत. मोकाट गुरांसाठी वई हवी. विहीर उपसल्याशिवाय एप्रिल-मे निभणार नाहीत. आणि गोव्यात जमीन म्हटली की पोटात गोळा येतो: आज बाग, उद्या कुणाचं तरी हॉटेल. म्हणून जागा सरकारचीच राहू दे. पंचायत, जुन्या शाळेचे पालक आणि चालू शाळा यांनी फक्त वापराचा करार लेखी करून घ्यावा, मुदत घालून.

सुरुवात मात्र कराराची वाट न बघता करता येईल. यंदा विसर्जनानंतर माटोळी उतरवाल तेव्हा पिकलेली कवंडळं आणि कांगलं टाकून देऊ नका. बिया काढून, सावलीत सुकवून, कागदाच्या पुडीत नाव लिहून ठेवा. मिरगाच्या पावसात त्या लागतील.