विश्लेषण : अमळनेर, भडगावची मुलं डॉक्टर व्हायला रशियात का जातात?

जून 2024 मध्ये रशियातल्या वेलिकी नोव्हगोरोद शहरात चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी वोल्खोव नदीत बुडाले. त्यात अमळनेर आणि भडगावची मुलं होती. जळगाव जिल्ह्यातली मुलं शिकायला इतक्या लांब का गेली, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला.

‘तिकडचं शिक्षण चांगलं’ हे कारण क्वचितच असतं. खरं कारण आहे जागांचं गणित. 2024 च्या नीटमध्ये 13 लाखांहून जास्त विद्यार्थी पात्र ठरले. देशात एमबीबीएसच्या जागा मात्र त्या वर्षी सव्वा लाखाच्याही आत होत्या. खुल्या गटातून पात्र ठरायला 720 पैकी 162 गुण पुरले, पण राज्यातल्या सरकारी कॉलेजात जागा मिळवायला 600 च्या पुढे जावं लागलं. धुळ्यात भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे, जळगावात 2018 पासून सरकारी मेडिकल सुरू झालं. पण तिथल्या जागा देशाच्या आणि राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात. घर शेजारी असल्याचा फायदा नाही.

उरतात खासगी कॉलेजं. तिथे पूर्ण कोर्सचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. रशिया, किर्गिझस्तानात तो साधारण 20 ते 40 लाखांत बसतो. परदेशी जायलाही नीट पात्र असावंच लागतं, पण 162 वाल्यालाही दार उघडं असतं. चिनी मुलंही गाओकाओ परीक्षेच्या चढाओढीतून सुटायला परदेशी जातात. फरक एवढाच, की आपल्या मुलांना परत येऊन इथेच प्रॅक्टिस करायची असते.

आणि खरी अडचण परतल्यावर सुरू होते. एफएमजीई परीक्षेत 300 पैकी 150 गुण लागतात. अलीकडच्या अनेक सत्रांत दहापैकी सात-आठ जण नापास झालेत. नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचा कोर्स, तोही इंग्रजीतून, तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात पुन्हा 12 महिने, हे सगळं दहा वर्षांत पूर्ण व्हायला हवं. एक अट चुकली तरी नोंदणी अडते.

एजंटांच्या पत्रकांवर ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ असं ठळक छापलेलं असतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी विद्यापीठांची अशी कोणतीही मान्यता यादी काढत नाही.