वाढदिवसाची बिस्किटं आणि महिन्याचं बिल

साताऱ्यात माझं मेडिकल आहे. गावाबाहेरच्या एका प्राणी निवाऱ्याचं खातं बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि त्या वहीत काय चढतंय यावरून तिथे काय चाललंय ते मला दुकानात बसून कळतं. पावसाळ्यात कापूस, गॉझ, आयोडीन आणि हातमोजे वाढले की जखमेत अळ्या पडलेली कुत्री येऊ लागली असं समजायचं. दिवाळीत फटाक्यांना घाबरून सैरावैरा पळालेली आणि गाडीखाली आलेली जनावरं येतात, तेव्हा बँडेज आणि वेदनाशामक औषधं लागतात. त्यानंतर पिल्लांचे दिवस सुरू होतात आणि रोज फोन येतो, "ताई, आरएलच्या बाटल्या आहेत का?" म्हणजे सलाईन. अंडरपॅड आणि डायपर मात्र बारा महिने लागतात, तेही माणसांचेच. अपघातात कणा मोडलेली कुत्री मागचे पाय ओढत चालतात, त्यांना लघवीवर ताबा राहत नाही. अंग ओलं राहिलं की फोड येतात, फोड चिघळतात.

रविवारी निवाऱ्यात लोक येतात. मुलाचा वाढदिवस असतो, बरोबर बिस्किटांचे पुडे असतात, फोटो निघतात. मुलांनी तिथे यावं असं मला मनापासून वाटतं, कारण जनावराला हात लावण्याची भीती त्याच वयात जाते. पण एकाच दुपारी गोड बिस्किटं खाऊन पोट बिघडलेल्या कुत्र्यांची घाण सोमवारी सकाळी कोणीतरी धूत असतं. त्या माणसाच्या पगारासाठी देणगी मागितली की लोकांचा हात आखडतो. विजेचं बिल, लसी, ड्रायव्हर, फिनेल यांचा फोटो निघत नाही, म्हणून त्यांना पैसेही मिळत नाहीत. नसबंदीचं काम पालिकेचं असेल तर त्याचे पैसे पालिका देते. गाडीने उडवलेल्या कुत्र्याचा पाय मात्र लोकांच्या पैशांतून बसवावा लागतो.

मागच्या हिवाळ्यात बाटल्या पोचवायला मी स्वतः गेले होते. तळहाताहून थोडंसं मोठं पिल्लू जुन्या वर्तमानपत्रांवर पडलं होतं. पुढच्या पायाचे केस भादरून तिथे सुई लावलेली, वर चिकटपट्टी. पार्व्हो या पिल्लांच्या साथीच्या रोगात रक्ताच्या जुलाबांना जो वास येतो तो एकदा आला की विसरत नाही. तिथली मुलगी एका हाताने सलाईनचं चाक धरून थेंब मोजत होती आणि दुसऱ्या हाताने खालचा कागद बदलत होती. हे पिल्लू आणि त्याची भावंडं रात्री कोणीतरी खोक्यात घालून फाटकाशी ठेवून गेलं होतं. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लाला पहिली लस ते सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर मिळते. म्हणजे लस न झालेलं पिल्लू जिथे ठेवू नये अशा जागांत निवारा अगदी वर येतो. सापडलेली पिल्लं लस होईपर्यंत आपल्या न्हाणीघरात किंवा गॅलरीत सांभाळली तर त्यांची जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. निवाऱ्याला फोन करा, सल्ला विचारा, लस तिथेच टोचून घ्या. पण खोकं ठेवून निघून जाऊ नका.

या कामाला नेमाने पैसा द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८३२ साली कंपनी सरकारने मुंबईतले भटके कुत्रे मारायची मोहीम चालवली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगा झाला. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभारला आणि तो चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा, म्हणजे ठरावीक कर, बसवून घेतला. व्यापार चालेल तोवर पांजरपोळाला पैसा मिळत राहील, ही त्यामागची योजना. मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. आज कोणी दरमहा दोनशे रुपये बँकेतून आपोआप वळते केले, तर वर्षातून एकदा दिलेल्या पाच हजारांपेक्षा निवाऱ्याला त्यांचा जास्त उपयोग होतो, कारण त्या भरवशावर माणूस कामाला ठेवता येतो. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या (सीएसआर) यादीत, प्राणीकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. आमच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांनी सीएसआरचा थोडा वाटा इकडे वळवायला हरकत कसली?

"माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" असं दुकानात मला लोक विचारतात. कुत्रा चावलेला माणूसही याच काउंटरवर येतो. जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा, हे मी त्याला सांगते, आणि त्याच्या डोळ्यांतली भीती मला दिसते. ती भीती कमी करायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कुत्र्यांचं लसीकरण. गोव्याने वर्षानुवर्षं गावोगाव कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. कुत्रा धरणं, टोचणं, नसबंदी करणं, त्याची खूण म्हणून कानाला खाच देणं, या कामाला सरावलेले हात निवाऱ्यातच तयार होतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. आहेत ते पिंजरेच पुरत नसताना ही कुत्री ठेवायची कुठे, याचा विचार गावागावांत पैशांसकट व्हायला हवा.

पिंजरे अडतात ते बऱ्या झालेल्या कुत्र्यांमुळेही. न्यायालयाने सांगितलेल्या जागा सोडल्या तर, प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेला गल्लीतला कुत्रा त्याच्याच जागी परत सोडायचा असतो. पण गाडी कुत्रा घेऊन गेली की सोसायटीचे लोक फाटकात उभे राहतात, ड्रायव्हरला परत पाठवतात. मग तो धडधाकट कुत्रा पिंजऱ्यात बसून राहतो आणि त्या दिवशी महामार्गावर जखमी झालेल्याला जागा नाही म्हणून सांगावं लागतं. तुमच्या गल्लीत असा कानाला खाच असलेला कुत्रा परत आला, तर ड्रायव्हरशी भांडणाऱ्यांच्या आधी तुम्ही खाली उतरा आणि गाडीचं दार उघडायला सांगा.