सूर्य-चंद्र एकाच आकाशात

निसर्गचित्रापुढे आपल्याकडचा रसिक उभा राहिला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “हे कुठलं हो?” माथेरान किंवा नाशिकचा घाट असे उत्तर मिळाले, की त्याचा जीव भांड्यात पडतो. बिचाऱ्याचा दोष नाही. परांडेकरांसारख्यांच्या निसर्गचित्रांवर आपल्या घराघरांतली नजर पोसली गेली आहे.

अकबर पदमसी यांच्या ‘मेटास्केप’पुढे मात्र हा प्रश्न लंगडा पडतो. मुंबईत १९२८ साली जन्मलेले, जे. जे.मध्ये शिकलेले पदमसी १९७०नंतर ही चित्रे काढू लागले. डोंगर आहे, पाणी आहे, जमीन आहे. पण नकाशावर ती सापडायची नाही. शिवाय कित्येक चित्रांत सूर्य आणि चंद्र एकाच वेळी हजर! मग वेळ तरी कोणती समजायची?

पदमसी यासाठी थेट कालिदासाकडे बोट दाखवीत. ‘शाकुंतला’ची नांदी आपल्यापैकी पुष्कळांनी संस्कृतच्या तासाला घोकली असेल. तीत शिवाची आठ रूपे येतात, पण बहुतेक नाव न घेता, केवळ कार्यावरून ओळखायची. सूर्य-चंद्र म्हणजे काळाचे नियम घालणारे दोघे. पृथ्वी म्हणजे सगळ्या बीजांचे मूळ. दोघे एका आकाशात आले, की सकाळ-संध्याकाळ मिटते आणि नुसता काळ उरतो.

पण एवढ्यावर थांबले असते तर ते कोडेच झाले असते, चित्र नव्हे. पदमसी रंग सुरीने थापतात. तांबड्याला गेरू, गेरूला निळा असे तुकडे एकमेकांना खेटून बसतात. दुरून कडा दिसतो. जवळ जावे तर रंगाचे उंचसखल थर, सारवलेल्या भुईवर बोटांची वळणे राहावीत तसे. त्या थरांवर उजेड अडतो आणि डोंगराला वजन येते. (काही मेटास्केप मला गणितासारखी कोरडी वाटतात, हेही सांगून टाकतो.)

छापील प्रतीत यातले अर्धे मरते. सूर्याची नुसती पिवळी टिकली उरते. आणि मूळ चित्रे पाहायची कुठे? पदमसींच्या १९६० सालच्या ‘ग्रीक लँडस्केप’ला २०१६च्या लिलावात एकोणीस कोटींवर किंमत आली. एवढ्या मोलाची वस्तू खाजगी दिवाणखान्यात गेली, की तुमच्याआमच्या डोळ्यांना पारखी होते. पदमसी २०२०च्या जानेवारीत गेले. तेव्हा एखाद्या प्रदर्शनात त्यांचे मेटास्केप लागल्याचे कळले, तर मुलांना घेऊन जा. आधी दहा पावले दूर उभे राहा, मग हातभर अंतरावर. पाटी शेवटी वाचा.