किल्ली फिरते, गाडी उठत नाही

पाऊस लागला की आमच्याकडे फोन वाढतात. शहापुरातून येवो नाहीतर बैलहोंगलहून, तक्रार एकच. कुणी म्हणतं, "काका, गाडी चालूच होईना झालीय बघा," कुणी म्हणतं, "अंकल, गाडी स्टार्ट आगवल्दु." दोघांनाही माझा पहिला प्रश्न ठरलेला : किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतंय, की नुसतं 'टक' वाजतंय?

हे दोन आजार वेगळे. नुसतं टक वाजत असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा स्टार्टर. हेडलाइट लावून किल्ली मारा, दिवे एकदम मंदावले तर बॅटरीच बघायची. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर ती थकली. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी तो काढा, नवी बॅटरी मग.

खरी गंमत दुसऱ्या आजारात आहे. स्टार्टर दणक्यात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मारुती ८०० मध्ये २००० साली एमपीएफआय आलं, सॅन्ट्रोत ते १९९८ पासूनच होतं. म्हणजे आज ज्या गाड्यांना आपण 'जुनी' म्हणतो, त्यांत कार्बोरेटर नाही. पेट्रोल किती आणि कधी सोडायचं हे कंप्युटर ठरवतो. म्हणून पेट्रोल आणि ठिणगी यांच्या जोडीला तिसरा प्रश्न येतो : कंप्युटर जागा आहे का?

आपल्याकडचे जुने मिस्त्री पद्मिनी-अँबॅसडरवर तयार झालेले. हाताला गुण मोठा, त्यात वाद नाही. पण त्या काळच्या काही खोडी या गाड्यांना सोसत नाहीत. प्लगची वायर काढून हवेत धरायची आणि ठिणगी बघायची. वाट न मिळालेली ठिणगी कॉइल जाळते, कधी कंप्युटरलाही नडते. चालू गाडीची बॅटरी काढून डायनामो तपासायचा, हा त्याहून वाईट प्रकार. आणि हवेच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतणं तर घरासमोर कुणालाच करू देऊ नका. भडका उडायला एक ठिणगी पुरते.

त्यापेक्षा हे करा. रेडिओ, पंखा बंद. किल्ली ऑनवर आणा आणि थांबा, स्टार्टर मारू नका. दोन गोष्टी बघायच्या. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो का? आणि मागच्या सीटखालून, टाकीच्या बाजूने, दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण येते का? ती पेट्रोल पंपाची. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मागच्या सीटवर कान द्यायचा. हे काम नातवंडांना छान जमतं.

गेल्या पावसाळ्यात एका घरातून फोन आला. २००४ ची ८००. सासरे आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, गाडी सूनबाई चालवतात. माहेर हुबळीचं, त्यामुळे बोलणं कन्नडमध्ये सुरू झालं आणि घाईघाईने मराठीत उतरलं. एका गॅरेजने सांगितलं होतं, कंप्युटर गेला, गाडी भंगारात घाला. भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. सासूबाई मागून म्हणत होत्या, "दर खेपेला रिक्षात धक्के खात कसं न्यायचं ओ त्यांना?"

मी फोनवरच विचारलं, पिवळा दिवा लागतो का? नाही. गुणगुण? तीही नाही. कंप्युटर खरंच गेला तरी असंच दिसतं, हे कबूल. पण त्याला वीजच मिळत नसेल तरीही हेच दिसतं, आणि हे जास्त वेळा घडतं. मग जाऊन पाहिलं. फ्यूज चांगला. रिलेपर्यंत बारा व्होल्ट. राहिली अर्थिंगची वायर, जी इंजिनाला एका बोल्टने बसवलेली असते. बोल्ट वरून ठीक दिसत होता. सोडला तर खाली सगळी गंजाची पूड. पॉलिश पेपरने घासून घट्ट केला. दिवा लागला, पंप गुणगुणला, गाडी उठली. सासरे बाहेर येऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. भंगारवाल्याला सूनबाईंनी त्याच संध्याकाळी फोन करून नको सांगितलं.

आता दिवा लागतो पण गुणगुण नाही, असं असेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो. अदलाबदल करून बघा, खर्च शून्य. फोर्ड, फियाटच्या काही जुन्या गाड्यांत मोठा धक्का बसला की पेट्रोल तोडणारं एक बटण असतं. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे बघता ते एकदा दाबून पाहायला हरकत नाही. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तुमची किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली आणा.

दिवा, गुणगुण दोन्ही ठीक आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय? इंजिन ओलं झालंय. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद स्टार्टर मारा. बहुतेक गाड्यांत असं केलं की कंप्युटर पेट्रोल थांबवतो आणि प्लग सुकतात. आणि चोर्ला घाट चढून गाडी तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, असा प्रकार असेल तर पहिला संशय क्रँक किंवा कॅम सेन्सरवर. हे मिस्त्रीला आवर्जून सांगा, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी थंड होते आणि शहाण्यासारखी वागते.

एक नवी भर. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. आपला जिल्हा उसाचा, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करायची! पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्या हिशेबाने बनवलेले नव्हते, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी तळाला नको. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून एरवीही काटा पाव टाकीच्या वर असलेला बरा.

स्वस्तातले स्कॅनर २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी बोलतच नाहीत, तेव्हा ते घेण्याआधी आपल्या मॉडेलला चालतो का ते विचारा. मिस्त्रीला फोन करताना चार गोष्टी कागदावर असू द्या : इंजिन फिरतं का, दिवा लागतो का, गुणगुण येते का, बंद पडली तेव्हा गाडी गरम होती की थंड. आणि कुणी 'कंप्युटर गेला' म्हणालं, तर त्याला वीज आणि अर्थिंग मीटर लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा.