फ्लॉप नक्की कोण झालं?

मागच्या शुक्रवारी ऑफिसात 'फन फ्रायडे' होता. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिलीज पुढे ढकललं की एचआर आपल्याला समोसे आणि क्विझ देतं.) विषय होता जुनं हिंदी पॉप. पडद्यावर पाच मुलींचा फोटो आला. मी हात वर करून 'विवा' म्हणालो आणि एक चॉकलेट जिंकलो. पुढची स्लाइड 'आस्मा', तीही ओळखली. तिसरी 'अ बँड ऑफ बॉइज', तीही. तिसऱ्या चॉकलेटला टीममधला एक जण म्हणाला, "अरे, तू काय फ्लॉप बँडांचं म्युझियम आहेस का?" सगळे हसले. मीही हसलो.

रात्री मात्र झोप येईना. डोकं सटकलं होतं, आणि का सटकलंय ते कळत नव्हतं. आता कळलंय, म्हणून लिहायला बसलोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी जरा बॅकग्राउंड. मी मूळचा सावलीचा. (गुजरातेतही एक सावली आहे, ती नव्हे. मूलहून गडचिरोलीला जाताना लागते ती. पुढे व्याहाड, मग वैनगंगा, आणि पलीकडे गडचिरोली.) २००२ मध्ये मी पाच वर्षांचा होतो. आमच्याकडे बँड म्हणजे लग्नातला: पुढे क्लॅरिनेट, मागे ढोल, आणि डोक्यावर ट्यूबलाइट घेतलेल्या बाया. टीव्हीतल्या पाच चकचकीत पोरींना 'बँड' का म्हणतात, हा मला पडलेला आयुष्यातला पहिला तात्त्विक प्रश्न. उत्तर द्यायला मामेभाऊ होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्यानं चंद्रपूरहून 'विवा'ची कॅसेट आणली होती आणि ती आमच्या टेपवर इतक्यांदा वाजली, की शेवटी रीळ बाहेर आली. पेन्सिल घालून ती परत गुंडाळायचं काम माझ्याकडे. तर म्युझियम म्हणालात तर हो, आहे मी.

आता मुद्द्यावर येतो.

'विवा' कसा झाला? २००२ मध्ये चॅनल व्ही ने 'पॉपस्टार्स' नावाची मालिका केली. शीतपेयाच्या कंपनीचं नाव मालिकेच्या नावातच होतं, म्हणजे पाहुणा कोण आणि यजमान कोण ते पहिल्याच दिवशी स्पष्ट. देशभर ऑडिशन्स झाल्या, मुली रडल्या, मुली निवडल्या गेल्या. शेवटी पाच उरल्या: सीमा रामचंदानी, प्रतिची महापात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा. त्याच वर्षी अल्बम आला आणि चांगला गाजला. २००३ मध्ये महुआ बाहेर पडली, उरलेल्या चौघींचा दुसरा अल्बम आला, आणि त्यानंतर एक-दोन वर्षांत खेळ खल्लास. 'आस्मा' २००३ चा: नीती मोहन, वसुधा शर्मा, संगीत हळदीपूर, जिमी फेलिक्स. त्यांचंही तसंच झालं. 'अ बँड ऑफ बॉइज' चॅनलनं बनवलेला नव्हता, पण तोही माणसं गोळा करून बांधलेला बँड. त्यात संगीतचा भाऊ सिद्धार्थ होता आणि आशा भोसल्यांचा नातू चिंटू भोसलेसुद्धा. २००२ मध्ये अल्बम, २००४ मध्ये 'किस किस को' नावाचा सिनेमा, आणि मग सामसूम.

आता यावर आपलं सर्वमान्य मत काय? पोरं दिसायला बरी होती, गाण्यात दम नव्हता, हवा गेली, फुगा बसला. इंटरनेटवर 'कुठे गेले हे लोक?' छापाचे व्हिडिओ निघतात तेही याच सुरात.

मला हे मत साफ नामंजूर आहे.

पहिली गोष्ट, गाण्यात दम नव्हता म्हणता तर पुढचा हिशोब कसा लावायचा? नेहा भसीन 'फॅशन'मध्ये (२००८) गायली, 'सुलतान'मध्ये (२०१६) गायली. अनुष्का मनचंदाचा आवाज 'दम मारो दम'मध्ये (२०११) आहे. नीती मोहन 'जब तक है जान'मध्ये (२०१२) रहमानकडे गायली. 'बॉइज'मधला सुधांशू पांडे २०२० पासून 'अनुपमा'त रोज रात्री आपल्या आयांच्या शिव्या खात होता. म्हणजे निवड करणाऱ्यांची नजर चांगलीच तयार होती. माल खणखणीत होता. मग बँडच तेवढा का बुडाला?

दुसरी गोष्ट तारखांची. चॅनलनं 'विवा' केला २००२ मध्ये. 'आस्मा' कधी? २००३ मध्ये. जरा थांबा आणि पुन्हा वाचा. पहिलं पोर अजून रांगत होतं तेव्हा दुसऱ्याच्या बारशाची तयारी सुरू होती. का? कारण पैसा ऑडिशनमध्ये होता. रांगा, रडारड, घरून आलेले फोन, परीक्षकांचे तोंड वेंगाडणे, हे सगळं जाहिरातीसकट महिनोन् महिने चालतं. बँड तयार झाला की मालिका संपली! त्यानंतर बँडचं काय करायचं हे मालिकेच्या दृष्टीनं गैरलागूच. आपल्या भाषेत सांगायचं तर क्लायंटला डेमो दिला, टाळ्या झाल्या, आणि टीम बेंचवर. मेंटेनन्सचं बजेट शून्य. सहा महिन्यांनी सिस्टिम बसली की आपणच म्हणणार, "कोड काय भिकार होता यार."

आणि हे आधी कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. ही मालिका मूळची न्यूझीलंडची, १९९९ ची. तिकडून ती जगभर गेली. ब्रिटनमध्ये २००१ साली तिच्यातून 'हिअरसे' नावाचा बँड निघाला. त्यांचं पहिलं गाणं पहिल्याच आठवड्यात पाच लाखांवर खपलं. २००२ च्या सुरुवातीला एक गायिका बाहेर पडली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बँड मोडला. ज्या वर्षी तिकडे मोडला, त्याच वर्षी आपण इकडे तोच साचा आणून बसवला. तिकडच्या प्रॉडक्शनवर क्रॅश झालेला बिल्ड!

आता कुणीतरी म्हणेल, मग 'गर्ल्स अलाउड'चं काय? बरोबर. तोही याच जातकुळीतला ब्रिटिश बँड, २००२ अखेरचा. पण तो टिकला. २००३ ते २००८ मध्ये पाच अल्बम, लागोपाठ २० गाणी पहिल्या दहांत. मग? त्यांचा आवाज 'विवा'पेक्षा दसपट चांगला होता का? मला नाही वाटत. फरक असा की त्यांच्या मागे झेनोमेनिया नावाची गाणी रचणारी टीम वर्षानुवर्षं बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिथे खरं काम सुरू झालं. म्हणजे ऑडिशनमधून बँड निघतो यात गैर काही नाही. पुढे त्याला रोजची भाकरी कोण घालणार, हा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो कुणी विचारलाच नाही.

तिसरी गोष्ट, आणि इथे मला माझ्याच बाजूचं थोडं कापावं लागतंय. सगळा दोष चॅनलचा नव्हता. 'सिल्क रूट' कुठल्या ऑडिशनमधून निघाला नव्हता. १९९८ चा त्यांचा 'बूँदें' अजून ऐका, शिळा वाटत नाही. तोही बँड काही वर्षांत संपला, आणि मोहित चौहान देशाला 'जब वी मेट'मुळे (२००७) नव्यानं माहीत झाला. त्या काळात कॅसेट मरत होती, गाणी सीडीवर फुकट कॉपी होत होती, म्युझिक चॅनलं हळूहळू रिअ‍ॅलिटी शो आणि सिनेमाची ट्रेलरं दाखवू लागली होती. गाणाऱ्याला नियमित पैसे देणारा एकच उरला: सिनेमा. आणि सिनेमाला एक आवाज लागतो, अख्खा बँड लागत नाही. म्हणून बँडमधला माणूस वाचतो, बँड मरतो. 'इंडियन ओशन' १९९० पासून टिकलाय, कारण तो टीव्हीवर विसंबलाच नाही. समोर लोक बसवून वाजवत राहिला. एक संस्थापक २००९ मध्ये वारला, दुसरा २०१३ मध्ये सोडून गेला, तरी वाजवतोच आहे.

आणि चॅनल व्ही? भारतात ते २०१८ मध्ये बंद पडलं. त्याला कुणी फ्लॉप म्हणत नाही. सगळे 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. गंमत आहे.

आता डोकं का सटकलं ते सांगतो.

तो कॅसेटवाला मामेभाऊ गायचा. चांगला गायचा. विशीत असताना नागपूरला एका गाण्याच्या टीव्ही स्पर्धेच्या ऑडिशनला गेला. (कुठल्या, ते सांगत नाही.) दोन फेऱ्या पार करून मुंबईला बोलावणं आलं. सावलीत चौकात बॅनर लागला, शाळेत सत्कार झाला, नारळ-शाल, सगळं. मुंबईत तिसऱ्या फेरीत बाहेर. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण घाबरून त्याचा सूर जिथे फुटला, तेवढेच काही सेकंद त्यांनी टीव्हीवर दाखवले, वर गाढवाच्या ओरडण्याचा आवाज टाकून. अख्ख्या गावानं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'सुपरस्टार' पडलं. पानठेल्यावर सुपरस्टार, बसस्टँडवर सुपरस्टार. हे नाव पहिल्यांदा कुणी घेतलं माहितेय? मी. दहा वर्षांचा होतो, पण म्हणून काय झालं. ज्या माणसानं मला बँड म्हणजे काय ते शिकवलं, त्याला मी गाढवाचा आवाज काढून दाखवला.

त्यानंतर तीन वर्षं तो गायला नाही. आंघोळ करतानासुद्धा नाही.

पुढे त्याला झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत काम मिळालं, ऑक्टोपॅड वाजवायचं. आमच्या भागाबाहेरच्यांना सांगतो: चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते आणि तिथपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्याचं केंद्र. कंपन्यांची ऑफिसं तिथे, बुकिंग तिथे. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, मंडप टाकतं आणि तिकिटं विकतं. नाटक पडलं तर नुकसान मंडळाचं, आणि पुढच्या वर्षी ती कंपनी त्या गावात नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांना झाडीपट्टी हा शब्द लिहावा लागला.

उगाच गोडवे गात नाही. वादकाला पैसे बेताचेच मिळतात, पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत असतो. हाइप तिथेही आहे: मुंबईच्या मालिकेतला चेहरा पोस्टरवर छापतात, लोक एकदा बघायला येतात. २०२० च्या कोरोनात सीझन बुडाला तेव्हा कलावंतांचे काय हाल झाले ते मी घरातच पाहिलंय.

पण गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर एका गावी गेलो होतो. साडेदहाला पडदा उघडला, उजाडता उजाडता संपलं. सामान टेम्पोत भरताना एक म्हातारा घोंगडी पांघरून आला आणि त्याला म्हणाला, "काऊन गा, मांगच्या साली तो दुसऱ्या अंकातला गाना लय मस्त वाजवला होता. यंदा काऊन नाय वाजवला?" भाऊ म्हणाला, "नाटक बदललं ना बाबा." म्हातारा म्हणाला, "नाटक बदललं त का झालं, गाना त वाजवाचा होता."

मी तिथेच उभा होतो. एका वर्षानंतर, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला, एका गाण्यासाठी जाब विचारणारा प्रेक्षक. 'विवा'ला असा एक म्हातारा मिळाला नाही. मिळायची सोयच नव्हती. त्यांना मिळाले ते आपण: ऑडिशन बघणारे, टाळ्या वाजवणारे, आणि पुढच्या वर्षी 'आस्मा' लागल्यावर चॅनल न बदलता आवड बदलणारे.

परतताना टेम्पोत मी त्याला सुपरस्टारबद्दल सॉरी म्हणालो. अठरा वर्षं उशिरा. तो म्हणाला, "झोप बे आता, उद्या अजून एक प्रयोग हाये."

तर मंडळी, पुढच्या क्विझमध्ये हे फोटो आले की खुशाल ओळखा, चॉकलेट घ्या. फक्त 'फ्लॉप' म्हणायच्या आधी एकदा विचार करा, की ज्यांनी पैसे कमावले ते कोण आणि ज्यांच्यावर हसायचं ठरलंय ते कोण. त्या पाच पोरी विशीच्या आसपासच्या होत्या. आपण त्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यूला घाबरून घाम पुसत होतो, आणि आपल्यावर कॅमेरा नव्हता.

असो. ती तीन चॉकलेटं अजून बॅगेत आहेत. सावलीला जाईन तेव्हा त्याच्या पोरीला देईन. ती पण गाते म्हणे.