कार्बनच्या प्रस्तावात पाण्याचाही हिशोब हवा

पानावरची सूक्ष्म पर्णरंध्रे उघडली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पानातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. बहुतेक वृक्ष आणि पिके कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधताना पाण्याचे काही शे रेणू गमावतात. जमिनीवरून हवेत जाणाऱ्या एकूण बाष्पापैकी निम्म्याहून अधिक बाष्प असे झाडाझुडपांतूनच जाते. म्हणून एखाद्या पाणलोटाने किती कार्बन साठवला हे विचारताना तिथून किती पाणी उडून गेले हेही विचारावे लागते. पर्यावरणशास्त्रातील गेल्या काही दशकांच्या संशोधनाने हा संबंध मोजून दाखवला आहे. वनीकरण आणि पाणलोटाच्या कामात मात्र दोन्हींचे हिशोब अजून बहुधा वेगवेगळ्या वह्यांत राहतात.

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण तीन दशांश भाग जमिनीवरील परिसंस्था शोषून घेतात. हा भाग दोन प्रचंड प्रवाहांतली वजाबाकी आहे. प्रकाशसंश्लेषणातून दरवर्षी 100 अब्ज टनांहून अधिक कार्बन आत येतो आणि झाडांचे श्वसन, मातीतील सूक्ष्मजीवांकडून होणारे विघटन व वणवे यांतून जवळजवळ तितकाच परत जातो. शिल्लक राहतात ते जेमतेम काही अब्ज टन. त्यामुळे कोणत्याही एका प्रवाहात थोडा फरक पडला तरी शिलकीची तूट होऊ शकते. साठाही मुख्यतः डोळ्यांआड आहे. मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे 1500 अब्ज टन कार्बन आहे. जगातल्या सगळ्या वनस्पतींत मिळून त्याच्या सुमारे एक तृतीयांशच भरतो.

ही वजाबाकी प्रत्यक्ष मोजण्याची आज रूढ असलेली पद्धत म्हणजे एडी कोव्हेरियन्स. झाडांच्या शेंड्यांच्या वर मनोरा उभारून हवेच्या भोवऱ्यांचा उभा वेग आणि त्यांतील कार्बन डायऑक्साइड व बाष्प यांचे प्रमाण सेकंदाला दहा-वीस वेळा नोंदवले जाते. अर्ध्या तासाच्या नोंदींवरून त्या जंगलाने किती कार्बन घेतला आणि किती पाणी सोडले, हे दोन्ही एकाच वेळी कळते. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1990च्या दशकाच्या आरंभापासून अशी मोजणी चालू आहे. फ्लक्सनेट या अशा मनोऱ्यांच्या जागतिक जाळ्याने 2015च्या संचात 212 ठिकाणांची माहिती एकत्र केली. भारतात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने मेटफ्लक्स प्रकल्पात काझीरंगाचे जंगल आणि पिचावरमची खारफुटी अशा ठिकाणी मनोरे उभारले. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. रात्री वारा पडला की मोजणी ढासळते, आणि डोंगरउतारावर हवा आडवी वाहून गेल्याने हिशोब चुकतो. सह्याद्रीच्या उतारांवरील आकडे म्हणूनच जपून वाचावे लागतात.

पाणी कमी पडले की काय होते, ते युरोपने 2003च्या उन्हाळ्यात पाहिले. फिलिप सियास आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार उष्णता व अवर्षणामुळे त्या वर्षी प्रकाशसंश्लेषण सुमारे 30 टक्क्यांनी घटले आणि सुमारे अर्धा अब्ज टन कार्बन हवेत गेला. आधीच्या चार वर्षांची कमाई एका हंगामात गेली. याच्या उलट 2011मध्ये ला निनाच्या भरपूर पावसाने ऑस्ट्रेलियाची कोरडी माळराने हिरवी झाली. त्या वर्षी जमिनीवरील परिसंस्थांनी शोषलेल्या कार्बनमध्ये मोठी वाढ झाली आणि तिच्यात निम्म्याहून अधिक वाटा या निमशुष्क प्रदेशाचा होता. पुढच्या कोरड्या वर्षांत त्यातला बराच कार्बन परत गेला. 2002मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून जमिनीतील एकूण पाणी मोजले. त्या नोंदींवरून 2018मध्ये असे दाखवण्यात आले की ज्या वर्षी जमीन कोरडी असते, त्या वर्षी हवेतील कार्बन डायऑक्साइड अधिक वेगाने वाढतो.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की रंध्रे थोडी मिटूनही पानाचे भागते आणि पाण्याची बचत होते, हे खरे. पण तापमान वाढले की हवेची तहानही, म्हणजे पानांतून बाष्प ओढून घेण्याची तिची ताकद, वाढते. ती वाढली की मातीत ओल असतानासुद्धा रंध्रे मिटतात आणि वाढ खुंटते. उष्ण, कोरड्या प्रदेशांत वायूच्या वाढीचा फायदा गृहीत धरून केलेले अंदाज म्हणूनच धोक्याचे ठरतात.

वृक्षलागवडीचा ओढ्यांवर होणारा परिणाम दक्षिण आफ्रिकेने फार जवळून अभ्यासला. मोकोबुलान येथील गवताळ पाणलोटात 1969मध्ये निलगिरी लावली. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. सोळाव्या वर्षी झाडे तोडल्यावरही तो पुन्हा वाहता होण्यास पाच वर्षे लागली, कारण मुळांनी उपसलेला खोल थर आधी भरावा लागला. त्या देशाच्या 1998च्या जल कायद्याने व्यापारी वृक्षलागवड ‘प्रवाह घटवणारी कृती’ ठरवून तिला परवान्याखाली आणले. रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी 2005मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या. गवताळ, झुडपी किंवा पिकाखालील जमिनीवर लागवड केल्यावर प्रवाह सरासरी निम्म्याने घटला आणि 13 टक्के ओढे किमान एक वर्ष पूर्ण कोरडे पडले. चीनच्या लोएस पठारावर 1999पासून झालेल्या मोठ्या हरितीकरणाने धूप कमी झाली आणि कार्बन वाढला. मात्र पावसापैकी नदीत उतरणारा वाटा घटला. आणखी लागवडीला तिथे आता पाणीच पुरणार नाही, असा इशारा 2016च्या अभ्यासाने दिला.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. उघड्या, तुडवलेल्या, कडक झालेल्या जमिनीवर पाऊस मुरत नाही, वाहून जातो. तिथे झाडोरा परतला की पालापाचोळा, मुळे आणि गांडुळे माती पोकळ करतात. मुरणारे जादा पाणी झाडे पितात त्याहून अधिक असेल, तर उन्हाळ्यातला झरा वाढतो. कमी असेल, तर आटतो. निकाल ठरतो पाऊस, मातीची खोली, मूळची जमीन आणि निवडलेली जात यांवर. कोकणात आणि घाटमाथ्यावर 2500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या माणदेशात जेमतेम 500च्या आसपास. दोन्हीकडे एकच नमुना चालणे शक्य नाही. पुणे, सातारा, सोलापूरची माळराने पडीक म्हणून नोंदली गेली, तरी त्यांचा कार्बन मुळांत आणि मातीत सुरक्षित असतो. ती खणून दाट लागवड केल्यास मातीतला जुना साठा हलतो आणि विहिरींवर ताण येतो.

भारताने 2030पर्यंत वृक्षाच्छादनातून 2.5 ते 3 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा निर्माण करण्याचे जागतिक करारात सांगितले आहे. कार्बन क्रेडिटसाठी लागवडीचे प्रस्तावही गावोगाव पोहोचत आहेत. अशा प्रत्येक प्रस्तावात लागवडीपूर्वीच्या मातीतील कार्बन, मातीची खोली, ओढा किती महिने वाहतो आणि आसपासच्या विहिरींची उन्हाळी पातळी यांची नोंद असावी. तीच मोजणी पुढे दरवर्षी व्हावी. कमी पावसाच्या भागात झाडे विरळ आणि स्थानिक असावीत, आणि माळरान माळरान म्हणूनच राखावे. किती रोपे लावली या आकड्यावर कामाचे यश मोजण्याची पद्धत सोडून द्यावी. ज्या प्रस्तावात पाण्याची नोंद नाही, त्यावर वनाधिकारी, पाणलोट अभियंते आणि संस्थांनी सही करू नये.