विश्लेषण : ग्रे नर्स शार्क आणि टास्मानियन डेव्हिल, दोघेही संकटात, पण सावरणे कोणाला अवघड?

एक समुद्रातला मासा, दुसरा कांगारूप्रमाणे पोटाला पिशवी असलेला प्राणी. तरीही ऑस्ट्रेलियाच्या धोक्यातील प्राण्यांच्या सरकारी यादीत दोघांची नावे आहेत. टास्मानियन डेव्हिल 'संकटग्रस्त', तर पूर्व किनाऱ्यावरचा ग्रे नर्स शार्क 'अतिसंकटग्रस्त'.

जगण्याची स्पर्धा कशी?

डेव्हिलची मादी तीन आठवड्यांच्या गर्भारपणानंतर तांदळाच्या दाण्याएवढी २० ते ३० पिल्ले देते. पिशवीत सड मात्र चारच. ज्यांना सड मिळतो ती जगतात, बाकीची मरतात. शार्कच्या मादीला दोन गर्भाशये असतात. प्रत्येकात सर्वांत आधी वाढलेले पिल्लू इतर भावंडांना गर्भातच खाऊन टाकते. नऊ ते बारा महिन्यांनी जन्मतात फक्त दोन, पण सुमारे मीटरभर लांबीची.

मग फरक कुठे?

वेगात. डेव्हिल दुसऱ्या वर्षीच प्रजननक्षम होतो. चाव्यातून पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग १९९६ मध्ये प्रथम दिसला आणि त्याने या प्राण्यांची संख्या प्रचंड घटवली. तरी निरोगी डेव्हिल वेगळे ठेवून त्यांची पैदास करता आली. २०१२ मध्ये मारिया बेटावर सोडलेले डेव्हिल तर इतके वाढले, की तिथले छोटे पेंग्विनच नाहीसे झाले!

शार्कच्या मादीला वयात यायलाच सुमारे दहा वर्षे लागतात आणि त्यानंतर ती साधारण दोन वर्षांतून एकदा विते. बंदिस्त टाकीत त्यांची पैदासही क्वचितच होते. म्हणजे एक मादी मेली, तर ती जागा भरायला दशक जाते.

संरक्षण आहे, मग अडचण काय?

न्यू साउथ वेल्सने १९८४ मध्येच या शार्कला संरक्षण दिले. त्याआधी त्याचे बाहेर आलेले दात पाहून त्याला नरभक्षक समजून भाल्याने मारले जाई. प्रत्यक्षात तो स्वभावाने शांत आहे. पण १९३७ पासून सिडनी परिसरात पोहणाऱ्यांसाठी लावल्या जाणाऱ्या जाळ्यांना हा फरक कळत नाही. ग्रेट व्हाइट, बुल आणि टायगर शार्कसाठी टाकलेल्या जाळ्यात ग्रे नर्सही अडकतो. मासेमारीचे गळही त्याच्या तोंडात रुततात.

जाळी काढण्याची मागणी वारंवार होते. मात्र किनाऱ्यावर शार्कने एखाद्याचा जीव घेतला की ती मागे पडते. डेव्हिलबाबत सरकारपुढे असा पेच नाही, कारण त्याला वाचवताना कुणाच्या पोहण्याचा प्रश्न येत नाही.